तवंग

तिच्या हातांकडे पाहून नवखा माणूस आधी दचकायचा. मनगटापर्यंत दोन्ही हात तांबडेलाल, नखांच्या कडा काळ्या. नुकताच कुणाचा तरी निकाल लावून आली आहे असं वाटावं. बँकेत सहीखाली अंगठाही उमटवायची वेळ आली की कारकून शाईची डबी स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुम्हाला कशाला हवी, बाई?" ती कसली ऐकून घेतेय! "तुमची शाई उद्या पुसेल. माझा अंगठा तुमच्या नातवापर्यंत टिकेल," असं सुनावून ती रांगेतल्या सगळ्यांना हसवून बाहेर पडायची.

गल्ली तिला रंगारीण म्हणायची. घराच्या मागच्या अंगाला लांबट शेड, त्यात तीन मोठ्या हंड्या, धुराने काळी झालेली भिंत, वर आडव्या दांड्यांवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. कोपऱ्यात छतापर्यंत रचलेली झाडाच्या सालीची पोती. साल कुटायची, भिजवायची, उकळायची, गाळायची, आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या लडी त्यात बुडवायच्या. गालिचे विणणारे दोन कारखाने तिच्याकडून लाल सूत नेत. एकतीस वर्षं तिने हेच केलं. माणसांशी ती तोडून बोलायची, पण हंडीशी मात्र लाडात. "ये गं बाई, चढ लवकर, तुझे नखरे पुरे," असं काही काही चाललेलं असायचं.

हे सगळं तिला सासूने शिकवलं. त्यातही पहिला धडा तवंगाचा. सालीचं पाणी निवलं की वर पांढुरकी साय धरते. ती राहिली तर सुतावर डाग पडतात, आणि डागाळलेली लडी कुणी फुकट नेत नाही. म्हणून हंडी निवली की आधी पळी घ्यायची, तवंग काढायचा, मोरीत टाकायचा, मगच दुसरं काम. नवी सून हे दोनदा विसरली, दोन्ही वेळा पळीचा दांडा बोटांवर बसला. तिसऱ्यांदा विसरली नाही. पुढे सासू गेली, नवरा गेला, मूलबाळ झालंच नव्हतं. राहिल्या त्या हंड्या. आणि छोटू.

छोटू म्हणजे सहा फूट उंचीचा, चव्वेचाळीस वर्षांचा, कानावरचे केस पांढरे झालेला तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही पंधराची. तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून त्याच्या लग्नात यादी करण्यापर्यंत सगळं हिनेच निस्तरलं, आणि मग तो कितीही वाढला तरी तिच्या तोंडी छोटूच राहिला. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं त्याचं काम. हात असा बारीक की मालक अवघड भिंग दुसऱ्या कुणाला देत नसे.

त्याचं डोकं सहा वर्षांपूर्वी दुखायला लागलं. डोकं दुखणं म्हणजे आपण जे म्हणतो ते नव्हे हो. दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी डाव्या डोळ्यामागे कुणीतरी तापलेली सळई घालतंय असं सुरू व्हायचं, तो एकच डोळा घळाघळा वाहायचा, पापणी लोंबायची, आणि दीड तास हा माणूस खोलीत गोल गोल फिरायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. पुन्हा पहाटे तेच. असं रोज, आठ आठवडे. मग एक दिवस अचानक बंद, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा हजर. दोघं भावंडं त्याला हंगाम म्हणायची. नाव दिलं की भीती जरा कमी वाटते.

पहिल्या हंगामात दाताच्या डॉक्टरांनी दोन चांगल्या दाढा काढल्या. दुसऱ्या हंगामात नाकाच्या डॉक्टरांनी नाक धुऊन काढलं. तिसऱ्या हंगामात भावजय माहेरी गेली ती परत आली नाही. तिला दोष देऊन उपयोग नाही, रात्रंदिवस ते बघणं सोपं नव्हतं. छोटू ताईच्या वरच्या खोलीत राहायला आला. शेवटी डोक्याचे डॉक्टर मिळाले. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं. नाव लांबलचक, उपाय मात्र आखूड. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, तोंडावर मुखवटा लावून नळकांड्यातला प्राणवायू झाला. त्या प्राणवायूने दोन हंगाम बरे गेले. पाचव्यात त्याचाही जोर ओसरला. ताईने वरच्या खोलीच्या भिंतीला गादी ठोकून दिली, डोकं फुटू नये म्हणून. दुसरं तिच्या हातात काय होतं?

या वर्षी हंगाम यायच्या तीन आठवडे आधी तो शेडमध्ये आला आणि पोत्यावर बसला. ती लडी पिळत होती.

"ताई, या वेळी आलं ना, तर मी थांबणार नाही."

"कुठे चाललास?"

"तुला कळलंय मी काय म्हणतोय ते."

तिला कळलं होतं. तिने हातातली लडी त्याच्या अंगावर फेकली, तोंडाला येईल ते बोलली, कृतघ्न म्हणाली, भेकड म्हणाली. तो लाल थेंब पुसत शांतपणे ऐकत राहिला. तो शांत होता याचीच तिला धडकी भरली. तो वर गेल्यावर ती हंडीच्या आडोशाला बसून मोठ्याने रडली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी हातात कागद घेऊन. संगणकावर याच दुखण्याच्या लोकांचा एक गट होता. जगभरची माणसं तिथे एकमेकांना आपापले हंगाम सांगायची. तिथे कुजबुज होती की काही झाडांच्या सालीत एक द्रव्य असतं, मन उलटंपालटं करणारं, भलभलतं दाखवणारं, कायद्याने बंदी असलेलं; पण त्याचा इवलासा घोट घेतला तर काहींचा हंगामच मोडतो. काहींना गुण आला म्हणे. ज्यांना नाही आला त्यांचं पुढे काय झालं, ते कुणी लिहिलं नव्हतं. आणि कागदावर ज्या झाडाचं चित्र होतं, त्याची चौदा पोती ताईच्या शेडमध्ये पडलेली होती.

"नशापाणी करायला वाढवलं का रे तुला मी?"

"नशा कुणाला हवीय, ताई? मला दोन वाजून दहा मिनिटं नकोत, बस."

ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "दे तो कागद."

कागदावर काय होतं ते इथे सांगण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर तिला तरी ते कुठे धड समजलं होतं? अर्धे शब्द तिच्या डोक्यावरून गेले. दोन बाटल्या छोटूने कुठून तरी आणल्या होत्या, त्यांचा नुसता वास घेऊनच तिने त्या मोरीखाली सारल्या. माणसाच्या पोटात जायच्या वस्तूत असलं काही घालायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. उरलं ते तिच्या ओळखीचं होतं. कुटणं, भिजवणं, उकळणं, आटवणं. साल काय, तिच्या घरातलीच. कुणाला संशय यायचाही प्रश्न नव्हता. त्या घरातून सालीचा वास आला नसता तरच गल्ली चौकशीला आली असती.

सुट्टीच्या दिवशी दार लावून तिने ते केलं. धाकट्या हंडीत पाणी आटत आलं, निवलं. गडद, काळसर लाल, तिने आजवर काढलेल्या कुठल्याही रंगाहून घट्ट. ते तिने गाळून बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि भिंतीला टेकून बसली. कागदावर जाड अक्षरात लिहिलं होतं की रोज एक चमचा. सगळं एकदम घेतलं तर माणूस परत येत नाही.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या हाताने पहिला चमचा दिला आणि समोर खुर्ची टाकून बसली. त्याने भिंतींतून काही निघालेलं पाहिलं तर काय करायचं, ओरडला तर काय करायचं, याची तिने मनात उजळणी केली होती. तो म्हणाला, पडदा श्वास घेतोय असं वाटतंय. खिडकी उघडी होती, पण तिने ते मनावर घेतलं नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कळ आली ती वीस मिनिटांत गेली. पहाटेची आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

अकरा दिवस! तो चष्म्याच्या दुकानात परत गेला. येताना पाव घेऊन यायचा, पायऱ्या दोन दोन चढायचा. गादी ठोकलेल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, ही आता काढ, माणसं वेड्यांचं इस्पितळ समजतील." ती सुखावली. उगीच शब्द कशाला शोधा, ती सुखाने वेडी झाली होती. हंडीजवळ उभी राहून गुणगुणायची, कारखान्याच्या माणसाला आपणहून चहा विचारायची. त्या माणसाने घरी जाऊन बायकोला सांगितलं की रंगारीण बरी नाही बहुतेक.

बाराव्या दिवशी बाटली अर्ध्यावर आली म्हणून तिने नवीन हंडी लावायचं ठरवलं. कागद काढला, चष्मा लावला, आणि या वेळी घाई नसल्यामुळे एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मधल्या ओळीवर बोट थांबलं. निवल्यावर वर जो पांढुरका थर येतो तेवढाच घ्यावा, असं तिथे लिहिलं होतं. खालचं लाल पाणी फेकून द्यावं. त्यात काही नसतं. छोटूनेही जाड अक्षरांपलीकडे नीट वाचलं नसावं.

तिने ओळ तीनदा वाचली. मग तिला तो सुट्टीचा दिवस जसाच्या तसा आठवला. हंडी निवली होती. ती बाटली धुवायला वळली होती. आणि वळता वळता, विचारबिचार काही न करता, तिच्या हाताने खुंटीवरची पळी घेतली होती, तवंग काढला होता आणि मोरीत टाकला होता. एकतीस वर्षं रोज केलेलं काम. हाताला कुणी सांगितलं नव्हतं की आज नको.

ती मोरीपाशी गेली. मोरी कोरडी होती. तिथे उकिडवी बसून तिने पांढरा डाग कुठे आहे का ते पाहिलं, जणू तो खरवडून परत आणता आला असता. म्हणजे अकरा दिवस ती भावाला गालिच्याचा रंग पाजत होती. मग गुण कशाचा? डॉक्टर म्हणाले होते की हंगाम कधी कधी मध्येच दम खातो. तसंच असेल. किंवा त्याच्या विश्वासाचा गुण असेल. पण विश्वास कशावर ठेवला होता हे त्याला कळलं, तर तो टिकेल का? सांगावं की नाही, यात तिचा तो दिवस गेला. शेवटी तिने नाहीच सांगितलं. गुपचूप खरी हंडी करायची, बाटलीतलं बदलायचं, आणि हे सरणापर्यंत आपल्याबरोबर न्यायचं. तिने साल भिजत घातली.

हंगामाला तिच्या हंडीची वाट पाहायची नव्हती. दुसऱ्याच दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरून धपधप ऐकू आलं. ती धावत गेली. तो गादीच्या भिंतीवर डोकं आपटत होता, डावा डोळा वाहत होता. एक चमचा दिला, दुसरा दिला. काही फरक नाही. कसा पडणार?

"ताई, यातलं बळ गेलं का गं?"

"जुनं झालंय. मी नवीन करतेय. दोन दिवस, छोटू, फक्त दोन दिवस कळ काढ."

"बरं," तो म्हणाला. एवढं मुकाट्याने 'बरं' तो लहानपणीही म्हणाला नव्हता.

पहाटे पुन्हा. दुपारी पुन्हा. पहाटे पुन्हा. ती खाली हंडी उकळत होती आणि वरची पावलं मोजत होती. कधी नव्हे तो तिला त्या सालीचा राग आला. तिसऱ्या दुपारी हंडी उतरवून तिने निवायला ठेवली आणि या वेळी पळी शेडबाहेर नेऊन टाकली, हाताचा भरवसा नको म्हणून. पाण्यावर हळूहळू पांढुरका पदर धरायला लागला. ती तिथेच उभी राहून तो पाहत होती, तेव्हा वरचा आवाज बंद झाला. तिने घड्याळ पाहिलं. अजून तीन वाजले नव्हते. इतक्या लवकर कधी थांबत नसे.

ती वर गेली तेव्हा तो जमिनीवर गादीला टेकून बसला होता. बाटली शेजारी आडवी, रिकामी. ओठ, दात, हनुवटी, बनियन, सगळं लाल. पहिल्यांदा तिला ते रक्तच वाटलं.

"सगळी प्यायलो," तो म्हणाला. "रागावू नकोस. बस ना माझ्याजवळ."

ती बसली. हा रंग आहे, तिने स्वतःला सांगितलं. नुसता रंग. सासूबाई दात दुखला की याच्याच चुळा भरायच्या, गिळायच्यासुद्धा. त्याला काही होणार नाही. तरी तिने त्याची नाडी धरली. ती संथ, नीट चालली होती.

"दुखतंय?"

"कमी होत चाललंय. आता सगळंच होईल कमी." त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. "ताई, एक सांगायचं राहिलं होतं. तू लग्न होऊन निघालीस ना, तेव्हा तुझी एक चप्पल मी विहिरीत टाकली होती. चप्पल नसली तर जाणार नाहीस असं वाटलं."

"माहीत आहे मला. ओल्या हातांनी तूच तर शोधायला मदत करत होतास."

तो हसला. सहा वर्षांत तिने त्याचं कपाळ एवढं निवांत पाहिलं नव्हतं. तो लहानपणच्या गोष्टी बोलत होता, माफी मागत होता, भिंगं घासायची चांगली पट्टी दुकानातल्या कुणाला द्यायची ते सांगत होता. मरणाची वाट पाहत होता, आणि किती आनंदात! तिला बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. पण हा चेहरा एकदा विझला की पुन्हा दिसणार नाही, हेही तिला कळत होतं. तिने त्याला दहा मिनिटं दिली. तिने बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ती म्हणाली, "छोटू, तू मरणार नाहीस."

"मरणार, ताई. तसं लिहिलंय त्यात."

"त्या बाटलीत काही नव्हतं. माझ्या हातून चूक झाली. जे हवं होतं ते मी तवंग समजून मोरीत टाकलं. तू प्यायलास तो नुसता रंग आहे. सुताचा."

त्याने हनुवटी पुसली आणि लाल झालेली बोटं पाहिली.

"कधीपासून?"

"पहिल्या चमच्यापासून."

"मग ते अकरा दिवस?"

"माहीत नाही रे. मला खरंच माहीत नाही."

त्याने आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याचे खांदे खाली आले, चेहरा पुन्हा पहिल्यासारखा आवळला गेला, आणि तो अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं होतं, सुटलो." मग तो रडला. लहान असताना रडायचा तसा, तोंड उघडं ठेवून, लाल दात दाखवत. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. स्वतःच्या हातांचा तिला इतका तिटकारा आला की ते त्याच्या केसांतून फिरवतानाही लाज वाटली.

रडणं ओसरल्यावर तो उठून बसला. "खालच्या हंडीत काय आहे? आज काय उकळत होतीस?"

तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "खरं आहे त्यात. या वेळी तवंग ठेवलाय."

त्याचा उजवा डोळा एकदम जिवंत झाला. "मग दे ना! एकच चमचा. तू स्वतः मोजून दे. बाटली तुझ्या कुलपात ठेव."

तिनेही आधी असंच ठरवलं होतं. तीन दिवस त्या एका चमच्यासाठी ती झटत होती. पण तिच्यासमोर आडवी पडलेली रिकामी बाटली होती, आणि कुलूप म्हटलं तर तिच्या घरातलं कुठलं कुलूप याने लहानपणी उघडलं नव्हतं? कळ आली की तो कुलूप फोडणार. त्या हंडीत गुण असेलही. त्याला या हंगामातून सोडवणारं ते एकच असेल. आणि त्याला संपवणारंही तेच असेल. हे तिला कागद न वाचता कळलं.

ती खाली गेली. जिन्यावर त्याची पावलं मागोमाग आली. तिने पदराने हंडीचे कान धरले, उचलली, मोरीपर्यंत नेली. पांढरा तवंग हंडीत हलला, सुरकुतला.

"ताई, नको. ताई, तुझ्या पाया पडतो."

तिने हंडी उलटी केली. एकतीस वर्षांत तिने न वापरता रंग कधी ओतला नव्हता. तो ओतताना ती हुंदके देत होती, पण हंडी पुरती रिकामी होईपर्यंत तिने सरळ केली नाही. मग तिने वर पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या.

तो दारात खाली बसला. त्याला उठवायला तिलाही जोर नव्हता, म्हणून तीही ओल्या जमिनीवर त्याच्या शेजारी बसली.

"सकाळी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "आज काय केलंस ते डॉक्टरांना सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"ते काय करणार?"

"माहीत नाही."

"आणि दुपारी? दोन वाजून दहा मिनिटांनी?"

"शेड बंद ठेवते उद्यापासून. मी वर असेन, तुझ्याजवळ."

"त्याने काय होणार, ताई?"

"काही होणार नाही," ती म्हणाली. "पण मी असेन."